धुरक्याचा छडा लावणारा रसायनशास्त्रज्ञ

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अवजड डिझेल वाहन उभे करून पाच मिनिटांपेक्षा अधिक काळ इंजिन चालू ठेवणाऱ्या चालकाला २००५ सालापासून दंड होऊ लागला. शाळेजवळ येताच बसचालकाने इंजिन बंद केले पाहिजे, हा नियम त्याआधी, २००३ मध्ये अमलात आला होता. उभ्या गाडीच्या धुराबद्दल तिच्या चालकाला जबाबदार धरणे आज कोणाला वावगे वाटणार नाही. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याच राज्यात, मोटारीचा धूर काही क्षणांत हवेत विरून जातो आणि त्यापासून कोणाला उपद्रव होत नाही, अशी समजूत रूढ होती. हवा बिघडवण्याचे पाप कारखान्यांच्या माथी मारून सामान्य मोटारमालक नामानिराळा राहत असे. ही समजूत खोटी ठरवली ती फळांच्या आणि कांद्या-लसणाच्या वासाचे रसायनशास्त्र अभ्यासणाऱ्या एका डच शास्त्रज्ञाने. त्यांचे नाव आरी यान हागेन-स्मिट.

उट्रेख्त ते पॅसाडिना

हागेन-स्मिट यांचा जन्म २२ डिसेंबर १९०० रोजी नेदरलँड्समधील उट्रेख्त शहरात झाला. त्यांचे वडील तेथील सरकारी टाकसाळीत रसायनतज्ज्ञ होते. धातूंची पारख आणि अचूक मोजमाप यांचा संस्कार त्यामुळे घरातच झाला. उट्रेख्त विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९२९ मध्ये तेथूनच डॉक्टरेट मिळवली. वनस्पतींच्या सुगंधी तेलांत आढळणाऱ्या टर्पीन वर्गातील संयुगांवर त्यांचा प्रबंध होता.

पुढे त्याच विद्यापीठात फ्रिट्स कोग्ल यांच्यासमवेत त्यांनी वनस्पतींच्या वाढीला चालना देणाऱ्या संप्रेरकांवर संशोधन केले. वनस्पतींच्या वाढीचे प्रमुख संप्रेरक असलेल्या इंडोल ॲसिटिक आम्लाची ओळख पटवणाऱ्या संशोधकांत त्यांची गणना होते. अत्यंत सूक्ष्म प्रमाणात असलेला पदार्थ मोठ्या ढिगातून वेगळा काढायचा आणि त्याची रचना ठरवायची, ही त्यांची हातोटी याच काळात तयार झाली. आयुष्यातील सर्वांत गाजलेल्या कामात त्यांना हीच हातोटी उपयोगी पडली.

१९३६ मध्ये ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात आले आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथील कॅल्टेक या संस्थेत रुजू झाले. १९४० मध्ये ते पूर्णवेळ प्राध्यापक झाले. झाडाला जखम झाल्यावर ती भरून काढणाऱ्या द्रव्याचा शोध, तसेच कांदा, लसूण, मद्य आणि अननस यांच्या स्वादाचे विश्लेषण अशा विषयांत ते रमले होते. हजारो पौंड अननसांतून स्वादाचे काही थेंब वेगळे काढण्याचे त्यांचे काम त्या काळी वाखाणले गेले. हवेच्या प्रदूषणाशी त्यांचा तोवर काडीचाही संबंध नव्हता.

डोळ्यांची आग आणि चुकीचा आरोपी

पॅसाडिना हे लॉस एंजलिसला लागून असलेले गाव. लॉस एंजलिसच्या एका बाजूला प्रशांत महासागर आणि उरलेल्या बाजूंना डोंगर आहेत. समुद्रावरून आलेली थंड हवा या खोलगट भागात खाली साचते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. खालचा धूर मग वर जाऊ शकत नाही.

२६ जुलै १९४३ रोजी शहरावर असे दाट धुरके पसरले, की काही चौकांपलीकडचे दिसेना. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे दुखू लागले. दुसरे महायुद्ध चालू असल्याने हा जपानचा विषारी वायूचा हल्ला असावा, अशीही शंका काहींना आली. त्यानंतर कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाईन तयार करणाऱ्या एका कारखान्याकडे बोट दाखवण्यात आले. जनक्षोभामुळे तो काही काळ बंद ठेवावा लागला. धुरके मात्र परतून येतच राहिले.

१९४७ मध्ये लॉस एंजलिस कौंटीसाठी वायुप्रदूषण नियंत्रण जिल्हा स्थापन झाला. त्याचे पहिले प्रमुख लुई मॅक्केब यांनी तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर लक्ष केंद्रित केले. लंडनसारख्या शहरांतील धुरके कोळशाच्या ज्वलनातून निघणाऱ्या गंधकयुक्त धुराचे असते, हे ठाऊक असल्याने हा तर्क स्वाभाविक होता. परंतु गंधकाचे प्रमाण कमी करूनही लॉस एंजलिसच्या डोळ्यांची आग थांबली नाही. आसपासच्या शेतांत पालेभाज्यांची पाने विशिष्ट प्रकारे करपत होती. गंधकयुक्त धुराने होणारी इजा तशी नसते, हे वनस्पतिशास्त्रज्ञांना दिसत होते. शिवाय या शहरात रबराच्या वस्तूंना इतर ठिकाणांपेक्षा लवकर तडे जात होते.

हे कोडे कोण सोडवणार, असा प्रश्न होता. उपकरणनिर्माते आर्नल्ड बेकमन यांच्यासह काहींनी हागेन-स्मिट यांचे नाव सुचवले. अननसाचा वास पकडणाऱ्या माणसाने आता शहराचा वास पकडावा, अशी ही विनंती होती.

काही थेंबांतून उलगडलेले रहस्य

हागेन-स्मिट यांनी अननसासाठी वापरलेले तंत्रच येथे वापरले. सुमारे ३०,००० घनफूट प्रदूषित हवा त्यांनी अतिथंड नळ्यांतून ओढून घेतली. तळाशी जमले ते काही थेंब, गडद रंगाचे आणि उग्र वासाचे. त्यांच्या विश्लेषणात सेंद्रिय पेरॉक्साइडे आणि अन्य ऑक्सिडीभूत संयुगे आढळली. पेट्रोलची वाफ हवेत जाऊन तिच्यावर तीव्र ऑक्सिडीभवनाची क्रिया झाली असावी, असे अनुमान त्यांनी काढले.

त्यानंतरचा प्रश्न अधिक अवघड होता. ही क्रिया घडवून आणतो कोण? पेट्रोलच्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडे एकत्र करून त्यांनी ती सूर्यप्रकाशात ठेवली. त्या मिश्रणात ओझोन तयार झाला. ही दोन्ही द्रव्ये मोटारीच्या इंजिनातून बाहेर पडतात. न जळलेल्या इंधनातून हायड्रोकार्बन येतात आणि इंजिनातील प्रचंड उष्णतेत हवेतीलच नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. ऊन पडले की नायट्रोजन डायऑक्साइडचे विघटन होऊन ऑक्सिजनचा एक अणू सुटा होतो आणि तो हवेतील ऑक्सिजनशी जोडला जाऊन ओझोन बनतो. एरवी हा ओझोन लगेच खर्ची पडला असता. हायड्रोकार्बनच्या उपस्थितीत मात्र तो साचत जातो.

या उलगड्यामुळे बऱ्याच विसंगती एकदम दूर झाल्या. सकाळच्या रहदारीनंतर धुरके दुपारी का वाढते, हे समजले. सुंदर, निरभ्र, उन्हाच्या दिवशी ते अधिक का जाणवते, हेही समजले. पालक, बीट, ओट, लसूणघास या वनस्पतींवर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम धुरके सोडून पाहिले. शेतात दिसणारी इजा जशीच्या तशी उमटली. वाकवलेल्या रबराच्या पट्टीला किती वेळात तडे जातात, यावरून हवेतील ओझोन मोजण्याची साधी पद्धतही त्यांनी चार्ल्स ब्रॅडली यांच्यासमवेत विकसित केली. १९५० पासून त्यांनी आपले निष्कर्ष मांडण्यास प्रारंभ केला आणि १९५२ मध्ये लॉस एंजलिसच्या धुरक्याच्या रसायनशास्त्रावरील त्यांचा महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला.

या निबंधाचा सामाजिक अर्थ फार दूरवर जाणारा होता. तेलशुद्धीकरण कारखाने दोषी होतेच. त्यांच्या टाक्यांतून उडून जाणाऱ्या वाफांवर पुढे नियंत्रणही आले. पण उरलेला मोठा वाटा रस्त्यावर धावणाऱ्या लाखो मोटारींचा होता. म्हणजेच तक्रारदार आणि आरोपी एकच ठरले होते.

उद्योगांशी संघर्ष

तेलउद्योगाने हा निष्कर्ष सहजासहजी मान्य केला नाही. उद्योगाच्या पैशावर स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत चाललेल्या अभ्यासातून हागेन-स्मिट यांच्या सिद्धान्तावर शंका घेण्यात आल्या. त्या संस्थेच्या एका शास्त्रज्ञाने कॅल्टेकमध्येच येऊन दिलेल्या व्याख्यानात त्यांच्या कामाला चुकीचे ठरवले. हागेन-स्मिट यांना हे जिव्हारी लागले. तोवर धुरके हा त्यांच्यासाठी मूळ संशोधनातून वाट वाकडी करून केलेला उद्योग होता. या प्रसंगानंतर त्यांनी स्वादांचे संशोधन बाजूला ठेवले आणि पूर्ण वेळ या प्रश्नाला वाहून घेतले.

मोटार कंपन्यांचाही सूर वेगळा नव्हता. १९५३ मध्ये लॉस एंजलिस कौंटीचे पर्यवेक्षक केनेथ हान यांनी डेट्रॉइटच्या कंपन्यांना पत्रे लिहून विचारणा केली. मोटारीचा धूर हवेत त्वरित विरतो आणि त्यातून प्रदूषणाचा प्रश्न उद्भवत नाही, अशा आशयाचे उत्तर फोर्ड कंपनीकडून आले. परंतु पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत अन्य संशोधकांच्या प्रयोगांनीही हागेन-स्मिट यांचेच म्हणणे उचलून धरले. उद्योगांच्या आर्थिक पाठबळावर १९५३ मध्ये स्थापन झालेल्या एअर पोल्युशन फाउंडेशनचे संशोधनही मोटारींकडेच निर्देश करू लागले.

दरम्यान सामान्य नागरिकांवर पहिले बंधन आले ते वेगळ्याच बाबतीत. घरोघरी परसात कचरा जाळण्याच्या भट्ट्या होत्या. १९५७ मध्ये लॉस एंजलिसमध्ये त्यांवर बंदी आली. मोटारीला हात लावणे मात्र अधिक कठीण होते.

प्रयोगशाळेतून सत्तेच्या खुर्चीत

१९६० मध्ये कॅलिफोर्नियाने मोटार वाहन प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. हागेन-स्मिट त्याचे सदस्य होते. इंजिनाच्या क्रँककेसमधून गळणारे वायू परत इंजिनात नेणाऱ्या उपकरणाची सक्ती ही या मंडळाची पहिली मोठी कृती. त्यानंतर प्रश्न आला सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराचा. तंत्रज्ञान अद्याप तयार नाही, असे मोटार कंपन्या सांगत होत्या. १९६४ मध्ये मंडळाने स्वतंत्र उत्पादकांनी बनवलेल्या चार उपकरणांना मान्यता दिली. त्यामुळे १९६६ च्या गाड्यांना असे नियंत्रण बंधनकारक झाले. तोवर अशक्य म्हणणाऱ्या कंपन्यांनी मग स्वतःच्याच पद्धतीने ती मर्यादा गाठून दाखवली. प्रदूषणरोधक उपकरणांचा विकास संगनमताने लांबवल्याचा आरोप ठेवून अमेरिकेच्या न्याय विभागाने १९६९ मध्ये मोटार कंपन्यांवर खटला भरला. तो तडजोडीने मिटला.

गाडी धावत असतानाच प्रदूषण करते असे नाही, ही जाणीवही याच काळात नियमांत उतरली. धूर तपासण्यासाठी कॅलिफोर्नियाने ठरवलेल्या चाचणीचक्रात वेग घेणे, समान वेगाने धावणे आणि वेग कमी करणे यांच्याबरोबर जागेवर उभे राहून इंजिन चालू ठेवणे या स्थितीचाही समावेश होता. त्या काळच्या कार्बोरेटरच्या गाड्यांत उभ्या स्थितीत हवेच्या मानाने इंधन अधिक जाई. ते पुरते जळत नसे आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन भरपूर बाहेर पडत. १९६६ मध्ये हागेन-स्मिट यांनी शहरात गाडी चालवताना गाडीच्या आत कार्बन मोनॉक्साइड किती भरते, यावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. रांगेत अडकलेला चालक पुढच्याचा धूर श्वासात घेतो आणि आपला मागच्याला देतो, ही बाब त्यांनी मोजमापाच्या कक्षेत आणली.

१९६७ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या स्वाक्षरीने कॅलिफोर्निया वायुसंसाधन मंडळाचा कायदा झाला. १९६८ मध्ये हागेन-स्मिट या मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. प्रयोगशाळेत शोध लावणाऱ्यालाच त्यावरील कायदा राबवण्याची जबाबदारी मिळावी, हा विज्ञानाच्या इतिहासातील विरळा योग होता. त्यांच्याच कारकीर्दीत, १९७१ मध्ये, मोटारींतून निघणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर अमेरिकेतील पहिली मर्यादा कॅलिफोर्नियाने लागू केली. संपूर्ण देशापेक्षा कडक नियम करण्याची मुभा कॅलिफोर्नियाला १९६७ च्या संघीय कायद्याने मिळाली होती. ती राखण्यात या मंडळाचा मोठा वाटा आहे.

जुन्या गाड्यांचा प्रश्न आणि पदच्युती

नव्या गाडीवर बंधन घालणे तुलनेने सोपे असते. त्याचा भार कंपनीवर पडतो आणि ग्राहकाला तो किमतीत मिसळलेला दिसतो. रस्त्यावर आधीच असलेल्या गाडीच्या मालकाला खर्च करायला लावणे ही निराळी गोष्ट. १९६६ ते १९७० या वर्षांतील गाड्यांना नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करणारे उपकरण नव्याने बसवावे, असा कार्यक्रम कॅलिफोर्नियात आला तेव्हा मोटारमालकांत नाराजी पसरली. हे उपकरण प्रत्येक मालकाने स्वतःच्या पैशाने बसवून घ्यायचे होते. या कार्यक्रमावरून मंडळ आणि गव्हर्नर यांच्यात मतभेद झाले. १९७३ मध्ये रेगन यांनी हागेन-स्मिट यांना अध्यक्षपदावरून दूर केले.

वीस वर्षे तेल आणि मोटार कंपन्यांशी लढून पाय रोवून उभ्या राहिलेल्या शास्त्रज्ञाला सत्तेतून जावे लागले ते सामान्य मतदाराच्या गाडीला हात लावण्याच्या प्रश्नावर. कंपन्यांवर नियम घालताना टाळ्या वाजवणारे लोक स्वतःवर वेळ आल्यावर नाखूश झाले. वाहनांच्या प्रदूषणाविरुद्धच्या प्रत्येक नियमाला पुढे हाच अनुभव येत राहिला.

त्यांचा गौरव मात्र थांबला नाही. १९७३ सालचे अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळाले. पर्यावरण क्षेत्रातील टायलर पारितोषिक १९७४ मध्ये प्रथमच देण्यात आले, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत ते होते. १७ मार्च १९७७ रोजी पॅसाडिना येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. एल मॉन्टे येथील वायुसंसाधन मंडळाच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २००१ पासून मंडळ त्यांच्या नावाने स्वच्छ हवेचे पुरस्कारही देऊ लागले.

पाच मिनिटांच्या नियमापर्यंत

हागेन-स्मिट यांच्या मृत्यूनंतर त्यांनी घडवलेले मंडळ डिझेलच्या धुराकडे वळले. डिझेल इंजिनातून निघणाऱ्या सूक्ष्म कणांना मंडळाने १९९८ मध्ये विषारी वायुप्रदूषक म्हणून घोषित केले. माल उतरवण्यासाठी रांगेत थांबलेले ट्रक आणि मुलांची वाट पाहणाऱ्या शाळेच्या बस इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभ्या राहत. त्यांचा धूर सर्वप्रथम जवळ उभ्या असलेल्या मुलांच्या आणि गोदीतील कामगारांच्या छातीत जाई. यातूनच आधी शाळेच्या बससाठी आणि २००४ मध्ये मंजूर होऊन २००५ पासून अवजड व्यावसायिक डिझेल वाहनांसाठी इंजिन बंद ठेवण्याचा नियम आला. त्यासाठी किमान दंडही ठरवण्यात आला. रुग्णवाहिकेसारख्या सेवा, रहदारीत अडकलेली वाहने, यांत्रिक कारणासाठी इंजिन चालू ठेवणे आवश्यक असलेली वाहने यांना सूट देण्यात आली.

भारतातील वाहनधारकाचाही या परंपरेशी रोजचा संबंध आहे. १९९५ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. कॅलिफोर्नियाच्या कडक मर्यादांमुळे जे तंत्रज्ञान पुढे आले, त्याचेच हे भारतातील आगमन होते. महाराष्ट्रातील कोणत्याही पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडी नेली, की ती जागेवर उभी ठेवून, इंजिन चालू ठेवूनच सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ही तरतूद उभ्या गाडीच्या धुराचाच हिशेब मागते. मात्र ती चाचणी उत्तीर्ण झालेली गाडी सिग्नलला किंवा शाळेच्या फाटकाशी विनाकारण किती वेळ धूर सोडत राहते, हे त्या प्रमाणपत्रात दिसत नाही. दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये लाल दिवा लागताच इंजिन बंद करण्याचे अभियान सुरू झाले. तेथेही सरकारने दंडाऐवजी आवाहनाचाच मार्ग पत्करला.

आवाहन पुरेसे ठरेल की दंडच लागेल, याचे उत्तर प्रत्येक शहराला आपापल्या अनुभवातून शोधावे लागेल. चालकाला न पटणारा दंड टिकत नाही, हे जुन्या गाड्यांच्या प्रकरणाने दाखवून दिले आहे. पण चालकाला पटवून देण्यासाठी लागणारा पुरावा हागेन-स्मिट यांनी सात दशकांपूर्वी काही थेंबांतून हाती दिला होता. गाडी उभी असली तरी तिच्या धुराचे पुढे काय होते, हे माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय त्यानंतर कोणत्याही मोटारमालकाला उरलेली नाही.